हार्ड डिस्क रेकॉर्डर ते तयार व्हिडिओ: ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर पहिलं संकलन

हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारं यंत्र हाती आलं की टेप संपण्याची धास्ती जाते. तासन्‌तास शूट करा, केबलने कॉम्प्युटरला जोडा, फाइल्स उचला, झालं. निदान वाटतं तरी असं. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ओढली की मग एकेक गोष्ट समोर येऊ लागते. माणसं बारीक आणि उंच दिसतात, हलत्या हाताच्या कडेला आडव्या रेघा उमटतात, दोन क्लिपच्या सांध्यावर आवाज तुटतो, प्लेबॅक अडखळतो. नवखे लोक इथे सॉफ्टवेअरला दोष देतात, दुसरं डाउनलोड करतात आणि तिथेही तेच पाहून वैतागतात.

या अडचणी बहुतेक वेळा टाइमलाइनच्या (क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीच्या) आधी तयार होतात आणि आधीच सोडवाव्या लागतात. यंत्राने नेमकी कशी फाइल लिहिली आहे हे एकदा कळलं की केडेनलाइव्ह असो वा शॉटकट, ही दोन्ही ओपन सोर्स संकलन सॉफ्टवेअर निमूटपणे काम करतात. म्हणून या लेखातला मोठा भाग संकलनाच्या आधीच्या कामांवर आहे. प्रत्यक्ष कापाकापी शिकवणारं साहित्य भरपूर आहे, या आधीच्या टप्प्यांबद्दल मात्र फारसं कोणी सांगत नाही.

## काय काय जमवून ठेवायचं

- रेकॉर्डर, त्याची मूळ केबल आणि मूळ अडॅप्टर. नुसत्या बॅटरीवर असताना कॉम्प्युटरशी जोडणीच होऊ न देणारे बरेच हार्ड डिस्क कॅमकॉर्डर आहेत.
- यंत्राची माहितीपुस्तिका. कागदी हरवली असेल तर पीडीएफ शोधून ठेवा, मेनूतली नावं तिथेच कळतात.
- दोन वेगळ्या डिस्क: एक कामासाठी, एक मूळ फुटेज जपण्यासाठी.
- फाइल तपासायला मीडियाइन्फो.
- तुकडे जोडायला लॉसलेसकट.
- रूपांतरासाठी शॉटकट किंवा हँडब्रेक. दोघांच्याही पोटात एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाचाच कोड काम करतो.
- संकलनासाठी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. दोन्ही एमएलटी नावाच्या एकाच पायावर उभे आहेत, त्यामुळे एकाला न वाचता आलेली फाइल दुसरा वाचेल अशी आशा ठेवू नका. ज्याचा पडदा तुम्हाला आवडेल तो घ्या. अगदी पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत शॉटकटला. अनेक ट्रॅक आणि लांब प्रकल्प असेल तर केडेनलाइव्हला.
- आवाजासाठी ऑडॅसिटी.

ही सगळी सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालतात. डाउनलोड मात्र प्रत्येकाच्या अधिकृत साइटवरूनच करा.

## १. तुमचं यंत्र कोणत्या जातीचं ते ओळखा

'हार्ड डिस्क रेकॉर्डर' या एका नावाखाली तीन निरनिराळी यंत्रं येतात आणि तिघांच्या फाइल्सचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली जात: आतच डिस्क असलेला कॅमकॉर्डर. यातले जुने साध्या दर्जाचे कॅमेरे एमपेग-२ लिहितात. काहींच्या फाइलचं शेपूट एमपीजी असतं, तर जेव्हीसी एव्हरिओसारख्यांचं एमओडी, आणि सोबत एमओआय नावाची छोटी जोडफाइल असते. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी हा प्रकार आणला. त्यात चित्र एच.२६४ मध्ये असतं, आवाज बहुधा एसी-३ मध्ये, आणि फाइल एमटीएस. ही फाइल लहान असते, पण उलगडायला कॉम्प्युटरला बराच घाम गाळावा लागतो.

दुसरी जात: फायरवायर या जुन्या प्रकारच्या केबलने जोडायचा डीव्ही (डिजिटल टेप कॅमेऱ्यांची पद्धत) रेकॉर्डर. फायरस्टोर हे त्यातलं गाजलेलं नाव. डीव्ही कॅमेऱ्यातून टेपवर जाणारा प्रवाह हे यंत्र जसाच्या तसा डिस्कवर उतरवतं. फाइल मोठी होते, तासाला सुमारे १३ जीबी. पण प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असल्याने जुना कॉम्प्युटरही ती सहज चालवतो.

तिसरी जात: एचडीएमआय किंवा एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची जोडणी) यांवरून घेणारा रेकॉर्डर. अ‍ॅटोमॉसचा निंजा आणि ब्लॅकमॅजिकचा हायपरडेक शटल हे दोन्ही २०११ च्या आसपासचे. पहिला निंजा अडीच इंची साधी हार्ड डिस्कही घेत असे. आजची यंत्रं एसएसडीवर लिहितात. फाइल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी प्रकारची, म्हणजे संकलनासाठीच घडवलेली. किंमत जागेत मोजावी लागते: २५ फ्रेम्सच्या १९२०×१०८० चित्राला प्रोरेस ४२२ मध्ये तासाला सुमारे ५५ जीबी आणि एचक्यू प्रकारात सुमारे ८३ जीबी लागतात.

पुढे 'एव्हीसीएचडीसाठी', 'डीव्हीसाठी' असं येईल तेव्हा आपल्याला लागू नसलेला भाग खुशाल सोडून द्या.

## २. शूटिंगच्या आधी एकदाच लावायच्या सेटिंग्ज

घड्याळ आधी लावा. बॅटरी बराच काळ उतरलेली असली की तारीख मागे जाते आणि सगळ्या फाइल्सवर एकच भलती तारीख चढते. दोनशे क्लिपांत क्रम शोधायची वेळ आली की या दोन मिनिटांची किंमत कळते.

डिस्क यंत्राच्याच मेनूतून फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवरून कधीही नाही. यंत्राला हवी तशी फोल्डरांची रचना कॉम्प्युटर करून देत नाही, आणि मग डिस्क ओळखता येत नाही असा संदेश येतो.

डीव्ही रेकॉर्डरमध्ये फाइलचा प्रकार निवडायला मिळतो. एव्हीआय टाइप १ आणि टाइप २ असे दोन पर्याय दिसले तर टाइप २ घ्या. त्यात आवाजाचा वेगळा प्रवाह असतो आणि तो बहुतेक सॉफ्टवेअरना विनातक्रार वाचता येतो. कॅमेऱ्यातला आवाज १६ बिटवर ठेवा. १२ बिटवर ठेवला की ध्वनी ३२ किलोहर्ट्‌झचा होतो. जगभरचं व्हिडिओचं काम ४८ वर चालतं.

एचडीएमआय रेकॉर्डर असेल तर कॅमेऱ्याच्या पडद्यावरची माहिती, म्हणजे बॅटरीची खूण, फोकसची चौकट वगैरे, एचडीएमआयवरून बाहेर जाऊ देऊ नका. ती चित्रातच छापली जाते आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पुसता येत नाही. कॅमेऱ्याचा फ्रेम रेट आणि रेकॉर्डरवर दिसणारा फ्रेम रेट जुळतो का तेही पाहा.

फायरवायरची केबल लावताना किंवा काढताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. सहा पिनांच्या जोडणीतून वीजही वाहते, आणि चालू असताना वाकडी घुसलेली पिन कॅमेऱ्याचं पोर्ट जाळू शकते. जुन्या कॅमेऱ्याचं पोर्ट गेलं की दुरुस्ती जवळजवळ अशक्यच.

## ३. रेकॉर्डिंग चालू असताना

हार्ड डिस्कचं वाचन-लेखन करणारं टोक फिरत्या तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतं. पुढच्या तिन्ही सूचना त्यामुळेच आहेत.

धक्का टाळा. काही कॅमेऱ्यांत पडण्याची जाणीव होताच टोक बाजूला सरकवणारा सेन्सर असतो, पण तसं झालं की रेकॉर्डिंगही थांबतं. पळत-पळत शूट करायचं असेल तर एसएसडी किंवा कार्ड बरं.

मोठ्या स्पीकरांपासून लांब राहा. खर्जातल्या दणक्यांनी डिस्क थरथरते, लिहिणं मागे पडतं आणि यंत्र रेकॉर्डिंग सोडून देतं. मैफलीत किंवा मिरवणुकीत यंत्र स्पीकरच्या भिंतीसमोर ठेवू नका.

उंच डोंगरांवर हवा विरळ असते. साध्या हार्ड डिस्क सुमारे ३,००० मीटरपर्यंतच चालवाव्यात असं उत्पादक सांगतात. तुमच्या यंत्राची नेमकी मर्यादा पुस्तिकेत पाहा.

आणि रेकॉर्डिंग थांबवल्यावर लुकलुकणारा दिवा विझेपर्यंत बॅटरी काढू नका. बऱ्याच यंत्रांत फाइलची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते.

## ४. फुटेज कॉम्प्युटरवर घेताना: अख्खं फोल्डर उचला

नवखे लोक सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर करून घेतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

यंत्र अडॅप्टरवर चालू करा आणि यूएसबीने (डीव्ही रेकॉर्डर असेल तर त्याच्या स्वतःच्या केबलने) जोडा. डीव्ही रेकॉर्डरला बहुधा 'डीव्ही' आणि 'एचडीडी' असे दोन मोड असतात. फाइल्स घेताना एचडीडी मोड हवा. सुटी अडीच इंची डिस्क डॉकमध्ये लावली असेल आणि ती टकटक करत पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर आधी वीज कमी पडते का ते बघा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि यूएसबी ३ चं ९००. डिस्क फिरू लागताना एवढं पुरेलच असं नाही. वेगळी वीज घेणारा हब किंवा डॉक वापरा.

डिस्क दिसू लागली की आतल्या व्हिडिओ फाइल्स तेवढ्या निवडून ओढू नका. सगळ्यात वरच्या फोल्डरपासून सगळं जसंच्या तसं कॉपी करा. एव्हीसीएचडीमध्ये व्हिडिओ बीडीएमव्ही फोल्डरच्या आतल्या स्ट्रीम फोल्डरात असतात, पण कोणती क्लिप कुठल्या क्लिपला सलग जोडलेली आहे ही माहिती शेजारच्या फोल्डरांत असते. एमओडीवाल्यांनी एमओआय फाइल्स निरुपयोगी समजून टाकू नयेत. चित्र रुंद आहे की चौकोनी, ही नोंद त्यांच्यात असते. आणखी एक: बरीच यंत्रं फॉरमॅटनंतर क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. एकाच फोल्डरात दोन दिवसांचं फुटेज टाकलं तर ००००१ क्रमांकाची नवी फाइल जुनीवर बसेल. म्हणून प्रत्येक वेळी तारीख आणि विषय लिहिलेला वेगळा फोल्डर करा.

कॉपी संपली म्हणजे ती बरोबर झाली असं नाही. चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढून पडताळा करा. लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये त्यासाठी स्वतंत्र टॅब आहे; मोठ्या फोल्डरांसाठी आरसिंक हे कॉपी करणारं साधन चेकसमच्या पर्यायासह पुन्हा चालवा. ते अजूनही काही कॉपी करू पाहत असेल तर कुठेतरी फरक आहे. मग दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत करा. दोन्ही प्रती तपासून होईपर्यंत यंत्रातलं काही पुसू नका.

पुसायची वेळ आली की तेही यंत्राच्या मेनूतूनच. कॉम्प्युटरवरून डिलीट केलं तर लिनक्स आणि मॅकवर फाइल त्याच डिस्कवरच्या लपलेल्या कचरापेटीत जाते. जागा मोकळी होत नाही, आणि यंत्राची स्वतःची यादी व प्रत्यक्षातल्या फाइल्स जुळेनाशा होतात. केबल काढण्याआधी 'सेफली रिमूव्ह' करा. एक्सफॅट आणि फॅट३२ या दोन्ही पद्धतींत अर्धवट राहिलेलं लिखाण सावरून घेणारी नोंदवही नसते, त्यामुळे ओढून काढलेली केबल अख्खी डिस्क गोंधळात टाकू शकते.

## ५. मीडियाइन्फोमध्ये फाइल वाचा

एक क्लिप मीडियाइन्फोमध्ये उघडा आणि पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या.

- आकार: ७२०×५७६, ७२०×४८०, १४४०×१०८०, १९२०×१०८० यांपैकी काय?
- दिसण्याचं प्रमाण: ४:३ की १६:९?
- फ्रेम रेट: २५, २९.९७, ५०?
- स्कॅन टाइप आणि स्कॅन ऑर्डर: प्रोग्रेसिव्ह की इंटरलेस्ड (अर्थ सातव्या पायरीत)? इंटरलेस्ड असेल तर वरचं फील्ड आधी की खालचं?
- आवाज: किती चॅनेल, किती किलोहर्ट्‌झ?

चपट्या किंवा ताणलेल्या चित्राचं कोडं इथेच उलगडतं. १४४०×१०८० ची फाइल चौकोनी पिक्सेलांची नसते. ती आडवी ताणून १९२०×१०८० अशीच दाखवायची असते. ७२०×५७६ चंही तसंच. ४:३ असेल तर चौकोनी पिक्सेलांत ७६८×५७६ होतं, १६:९ असेल तर १०२४×५७६. एमओडी फाइल्समध्ये रुंद चित्राची खूण मुख्य फाइलमध्ये बहुधा नसते, म्हणून सॉफ्टवेअर तिला ४:३ समजतं. यावर फुटेज पुन्हा रेंडर करण्याची, म्हणजे त्याची नवी व्हिडिओ फाइल बनवण्याची, गरज नाही. शॉटकटमध्ये क्लिप निवडून प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅस्पेक्ट रेशो बदला. केडेनलाइव्हमध्ये क्लिप प्रॉपर्टीजमध्ये हीच सोय आहे. साइझ फिल्टर लावून चित्र नजरेने ताणत बसू नका.

पाचव्या ओळीत सहा चॅनेल दिसले तर सावध व्हा. काही कॅमकॉर्डर ५.१ आवाज नोंदवतात. त्यातले पहिले दोनच चॅनेल उचलले गेले तर मधल्या चॅनेलमधलं बोलणं हरवतं. रूपांतराच्या वेळी सगळे चॅनेल स्टिरिओत मिसळून घ्या.

## ६. तुटलेले तुकडे आधी जोडा

फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून यंत्र लांब रेकॉर्डिंगचे तुकडे करतं. डीव्हीमध्ये ४ जीबी म्हणजे सुमारे १९ मिनिटं. २ जीबीचा पर्याय असेल तर त्याच्या निम्मे.

हे तुकडे टाइमलाइनवर एकामागे एक ठेवले की काम झालं असं वाटतं. एव्हीसीएचडीमध्ये मात्र सांध्यावर क्षणभर आवाज गायब होतो, कारण आवाजाची चौकट अर्ध्यावर कापलेली असते: अर्धी या फाइलमध्ये, अर्धी पुढच्या. एमटीएस ही प्रवाही फाइल असल्याने तिचे तुकडे बाइटला बाइट लावून जोडता येतात. लिनक्सवर कॅट ही साधी आज्ञा तेवढंच करते आणि सांधा अखंड होतो. आज्ञा लिहायला नको वाटत असेल तर लॉसलेसकटमध्ये 'मर्ज' वापरा आणि सांध्यावर कान देऊन ऐका.

हा बाइटचा मार्ग एव्हीआय, एमओव्ही आणि एमपी४ यांना चालत नाही. त्यांच्यासाठी लॉसलेसकटच. आणि तुकडे जोडायचे ते एकाच रेकॉर्डिंगचेच. वेगवेगळ्या वेळी बटण दाबून घेतलेल्या क्लिप वेगळ्याच राहू द्या, नाहीतर संकलनात नको तो भाग शोधणं अवघड होतं.

## ७. इंटरलेसिंगचा निकाल लावा

पहिल्या दोन जातींच्या यंत्रांचं फुटेज बहुधा इंटरलेस्ड असतं. एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही वेगळ्या क्षणी टिपलेली. ट्यूबच्या टीव्हीसाठी ही सोय उत्तम होती. आजचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो, म्हणून हलत्या वस्तूच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात.

२५ फ्रेम्सच्या इंटरलेस्ड फुटेजमध्ये दर सेकंदाला हालचालीचे ५० वेगळे क्षण असतात. डीइंटरलेस करताना, म्हणजे फील्डांच्या पूर्ण फ्रेम्स बनवताना, दोन वाटा आहेत. दोन फील्डांतून एक फ्रेम केली तर २५ उरतात आणि हालचाल थोडी तुटक वाटते. प्रत्येक फील्डातून एक पूर्ण फ्रेम घडवली तर ५० मिळतात आणि मूळची तरलता टिकते. नाच, खेळ, लहान मुलं असं काही असेल तर दुसरी वाट घ्याच. लोक याचा विचार न करता निम्मी हालचाल फेकून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ती पुन्हा कुठूनही मिळत नाही.

५० फ्रेम्स हव्या असतील तर संकलनाआधीच रूपांतर करणं खात्रीचं. हँडब्रेकच्या फिल्टर टॅबमध्ये डीइंटरलेससाठी यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडा, त्याचा प्रीसेट 'बॉब' ठेवा आणि फ्रेम रेट स्पष्टपणे ५० करा. दर्जाचा आकडा १६ च्या आसपास ठेवला तर पुढच्या संकलनाला पुरेल इतकी माहिती शिल्लक राहते. ही फाइल कामाची प्रत आहे. मूळ एमटीएस जपलेलीच असायला हवी.

इथे दोन सापळे आहेत. पहिला फील्डांच्या क्रमाचा. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं आणि एव्हीसीएचडीमध्ये वरचं. क्रम उलटा धरला गेला तर हलणारी वस्तू पुढे-मागे थरथरते. स्थिर चित्रात काहीच कळत नाही. त्यामुळे तपासायला गाडी किंवा चालणारा माणूस असलेली क्लिप घ्या. दुसरा सापळा म्हणजे इंटरलेस्ड अशी नोंद असूनही प्रत्यक्षात प्रोग्रेसिव्ह असलेलं फुटेज. काही कॅमेरे २५ पूर्ण फ्रेम्स ५० फील्डांच्या खोक्यात घालून देतात. अशा क्लिपवर हालचालीच्या मध्यात थांबून पाहा. दाते दिसत नसतील तर डीइंटरलेस करू नका, नुसता स्कॅन मोड प्रोग्रेसिव्ह करा. उगाच केलेलं डीइंटरलेसिंग चित्राची धार घालवतं.

## ८. रूपांतर करायचं की प्रॉक्सी?

डीव्ही, प्रोरेस आणि डीएनएक्सएचडी थेट वापरा. एव्हीसीएचडीमध्ये मात्र बऱ्याच फ्रेम्स आजूबाजूच्या फ्रेम्सच्या आधाराने साठवलेल्या असतात, त्यामुळे टाइमलाइनवर मागे-पुढे सरकताना कॉम्प्युटर दमतो. इथे दोन उपाय आहेत.

कॉम्प्युटर बरा असेल आणि डिस्कवर जागा कमी असेल तर प्रॉक्सी. केडेनलाइव्हच्या प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये आणि शॉटकटच्या सेटिंग्जमध्ये ती सुरू करता येते. सॉफ्टवेअर लहान प्रत बनवतं, तुम्ही तिच्यावर काम करता आणि अंतिम रेंडर मूळ फाइलवरून होतं. केडेनलाइव्हच्या रेंडर खिडकीत प्रॉक्सीवरून रेंडर करण्याचा एक पर्याय आहे. त्यावर खूण नाही ना, हे दर वेळी बघा.

जागा भरपूर असेल तर संकलनयोग्य रूपांतर. शॉटकटमध्ये क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कन्व्हर्ट टू एडिट-फ्रेंडली' आहे. तीन दर्जे दिसतात. मधला बहुतेकांना पुरतो. सर्वात वरचा दर्जा माहितीचा कणही न गमावता साठवतो, पण फाइल कित्येक पटींनी फुगते. ज्या मूळ फाइलमध्येच दाबलेलं चित्र आहे तिच्यासाठी एवढी जागा खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

रेकॉर्डरच्या फुटेजचा एक मोठा गुण म्हणजे त्याचा फ्रेम रेट स्थिर असतो. सोबत मोबाइलवरचं फुटेज घेणार असाल तर ते मात्र आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदला, नाहीतर ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात.

## ९. प्रोजेक्ट उभा करा आणि कापायला बसा

प्रोजेक्टचा प्रोफाइल फुटेजच्या मापाचा हवा. केडेनलाइव्ह पहिली क्लिप टाकताच प्रोफाइल बदलायचा का असं विचारतं. शॉटकटमध्ये व्हिडिओ मोड ऑटोमॅटिक ठेवला तर पहिली क्लिपच माप ठरवते. म्हणून पहिली क्लिप मुख्य कॅमेऱ्याचीच टाका. मोबाइलची उभी क्लिप आधी टाकली तर अख्खा प्रोजेक्ट उभा होतो. फुटेज ५० फ्रेम्सचं केलं असेल तर प्रोजेक्टही ५० चाच आहे ना, हे स्वतः तपासा.

प्रोजेक्टची फाइल म्हणजे फक्त मजकूर: कोणती क्लिप कुठे आहे, कुठून कुठपर्यंत घेतली, कोणते फिल्टर. व्हिडिओ तिच्यात नसतो. क्लिपांचे फोल्डर हलवले किंवा नाव बदललं की सॉफ्टवेअर क्लिप सापडत नाहीत म्हणून सांगतं. घाबरू नका, नवी जागा दाखवली की सगळं परत येतं. काम यंत्राच्या डिस्कवरून थेट कधीच करू नका.

कापताना आधी फक्त नको ते काढा, मग क्रम लावा. रंग, अक्षरं आणि ट्रान्झिशन शेवटी. एवढं पुरे, बाकी हात बसत जातो.

## १०. आवाज

आतल्या डिस्कची घरघर शांत खोलीत कॅमेऱ्याच्या माइकमध्ये येते. प्रत्येक शूटमध्ये पाच-दहा सेकंद कोणीही न बोलता घ्या. ऑडॅसिटीत तो शांत भाग निवडून नॉइज प्रोफाइल घ्या, मग सगळ्या आवाजावर नॉइज रिडक्शन हलक्या हाताने लावा. जास्त लावलं की माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी ऐकू येतात. थोडी घरघर राहिली तरी चालेल.

## ११. एक्स्पोर्ट

दाखवण्यासाठी एमपी४, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज. दर्जा ठरावीक बिटरेटवर (दर सेकंदाच्या डेटावर) न ठेवता गुणवत्तेवर ठेवा: सीआरएफ १८ ते २० (आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला). शॉटकटमध्ये हाच दर्जा टक्क्यांत असतो, साधारण ६० ते ६५. स्कॅन मोड प्रोग्रेसिव्ह ठेवा. साध्या दर्जाच्या फुटेजचं माप चौकोनी पिक्सेलांत द्या, म्हणजे पाचव्या पायरीतले ७६८×५७६ किंवा १०२४×५७६, २९.९७ वाल्यांसाठी ६४०×४८० किंवा ८५४×४८०. ते १९२० पर्यंत फुगवून तपशील वाढत नाही.

अख्खा व्हिडिओ रेंडर करण्याआधी सर्वाधिक हालचालीचा अर्धा मिनिट रेंडर करून ज्या पडद्यावर दाखवणार त्यावर पाहा. इंटरलेसिंग, प्रमाण आणि आवाज या तिन्हींची परीक्षा तेवढ्यात होते.

## १२. फाइल उघडतच नसेल तर

रेकॉर्डिंगच्या मध्येच वीज गेली तर एमओव्ही किंवा एमपी४ फाइल आकाराने मोठी असूनही उघडत नाही, कारण शेवटी लिहायची अनुक्रमणिका राहून गेलेली असते. अनट्रंक हे ओपन सोर्स साधन त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगवर घेतलेली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून मागतं आणि तिच्या आधाराने मोडलेली फाइल पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं.

चुकून पुसलं किंवा फॉरमॅट झालं असेल तर त्या डिस्कवर आणखी काहीही रेकॉर्ड करू नका. आधी जीएनयूच्या डीडीरेस्क्यूने डिस्कची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि मग त्या प्रतिमेवर फोटोरेक चालवा. नावात फोटो असलं तरी ते व्हिडिओही शोधतं. फाइल्सची मूळ नावं मिळत नाहीत, आणि डिस्कवर विखुरलेली फाइल अर्धीच परत येऊ शकते.

वीज पुरेशी असूनही डिस्कमधून टकटक किंवा खरखर ऐकू येत असेल तर यातलं काहीही करू नका. वीज बंद करा. अशा डिस्कवर सॉफ्टवेअर चालवत राहिलं तर टोक तबकडी आणखी खरवडत जातं. आतलं फुटेज पुन्हा मिळण्यासारखं नसेल तर डिस्क थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या आणि ती आतापर्यंत किती वेळा चालू केली हेही त्यांना सांगा.